वैमानिकाचा हात आणि विमानाचे आयुष्य

(श्रीरामपूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. प्रवरेच्या कालव्यांवर वाढलेल्या आणि ऊस व साखर यांनी नावारूपाला आलेल्या श्रीरामपुरात विमानांच्या झिजेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु विमान आता आपल्याला तितकेसे परके राहिलेले नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी आपल्याच जिल्ह्यात काकडी येथे शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालापासून लढाऊ विमानांची बांधणी आणि दुरुस्ती करीत आला आहे. तेव्हा डोक्यावरून जाणाऱ्या या यंत्राविषयी चार गोष्टी जाणून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

विषय निवडण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन ट्रॅक्टर दोन घरी जातात. पाच हंगामांनंतर एक सुरळीत चालत असतो आणि दुसरा गॅरेजच्या दारात उभा असतो. जमीन तीच, ऊस तोच, डिझेलही तेच. फरक असतो तो चालवणाऱ्याच्या हातात. हा हाताचा फरक नेमका किती, तो कोठे पडतो आणि तो शिकवता येतो काय, या प्रश्नांचा जगात सर्वांत काटेकोर अभ्यास कोणी केला असेल, तर तो विमानविद्येने. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. तज्ज्ञांचे ज्ञान समजून घेऊन ते सोप्या भाषेत लोकांपुढे ठेवणे हेच माझ्या खात्याचे काम आहे आणि त्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

झीज मोजण्याची दोन मापे

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. ते दोन मापांनी मोजतात. पहिले माप उड्डाणाच्या तासांचे आणि दुसरे उड्डाणाच्या फेऱ्यांचे. विमान वर गेले म्हणजे आत हवेचा दाब कायम राखावा लागतो आणि बाहेरची हवा विरळ होते. त्यामुळे विमानाचे धड फुग्यासारखे किंचित फुगते. खाली आले की पुन्हा पूर्ववत होते. एक तार हातात घेऊन आपण पुनःपुन्हा वाकवली तर ती तुटते. तसाच धातूला थकवा येतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे छत आकाशात उडून गेले आणि एक परिचारिका बाहेर फेकली जाऊन मृत्यू पावली. त्या विमानाने बेटाबेटांतील छोट्या अंतरांच्या सुमारे नव्वद हजार फेऱ्या केल्या होत्या. तासांच्या हिशेबात ते फार वापरलेले नव्हते. फेऱ्यांच्या हिशेबात ते थकलेले होते. जोडांतील गंज आणि सुटलेला चिकटा यांनी त्यात भर घातली होती.

तास आणि फेऱ्या ही मापे वहीत लिहिता येतात. परंतु एका तासात किंवा एका फेरीत यंत्राचे किती आयुष्य खर्च झाले, हे वैमानिकाच्या हातावर अवलंबून असते. त्याची काही उदाहरणे पाहू.

जेट इंजिनात सर्वांत तप्त भाग टर्बाइनच्या पात्यांचा. उड्डाण करताना इंजिनाचा पूर्ण जोर लावला की ही पाती कमाल तापमानाला पोहोचतात. धावपट्टी पुरेशी लांब असेल, विमान हलके असेल आणि हवा थंड असेल, तर पूर्ण जोराची गरज नसते. म्हणून वैमानिक आधी कोष्टक पाहून, सुरक्षिततेची सर्व मर्यादा सांभाळून, कमी जोरावर उड्डाण करतो. तापमान थोडे कमी राहिले तरी पात्यांचे आयुष्य लक्षणीय वाढते. तसेच इंजिन सुरू केल्यावर ते तापण्यास काही मिनिटे द्यायची आणि उतरल्यावर थंड होण्यास काही मिनिटे दिल्याशिवाय बंद करायचे नाही, असा नियम आहे. टर्बोचार्जर असलेल्या ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू पडतो, हे येथील अनुभवी चालकांना सांगावयास नको.

छोट्या शिकाऊ विमानांत मोटारीसारखे पिस्टनचे इंजिन असते. साधारणतः दोन हजार तासांच्या सुमारास ते पूर्ण खोलून तपासावे, अशी शिफारस असते. मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवून जमिनीवर फार वेळ मंद गतीने चालवले तर प्लगवर काजळी आणि शिसे साचते. मिश्रण नको तेव्हा पातळ केले तर सिलिंडरची डोकी तापतात. दट्ट्या झटक्याने पुढेमागे केला तर सर्वच भागांना हिसका बसतो. यांतील कोणतीही चूक त्याच दिवशी शिक्षा करीत नाही. ती उधारीच्या वहीत लिहिली जाते आणि वसुली अनेकदा दुसऱ्याच वैमानिकाकडून होते.

ब्रेकचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. जुन्या पोलादी ब्रेकची झीज त्यांनी किती ऊर्जा शोषली यावर अवलंबून असते. म्हणून ते हलके आणि बेताने वापरणे हिताचे. आजच्या अनेक मोठ्या विमानांत कार्बनच्या चकत्यांचे ब्रेक असतात. त्यांची झीज ब्रेक किती जोराने दाबला यापेक्षा किती वेळा दाबला यावर अधिक अवलंबून असते. म्हणजे जुन्या ब्रेकवर हात बसलेला सावध वैमानिक नव्या विमानात दर थोड्या अंतरावर हलकेच ब्रेक लावू लागला, तर काळजी घेत असताना तोच ब्रेक लवकर संपवील. सारांश असा की यंत्र जपण्यास सद्‌भावना पुरेशी नाही; ते विशिष्ट यंत्र ठाऊक असावे लागते.

भात्यातून जन्मलेले विमान

आता प्रश्न येतो तो हे सारे शिकवायचे कसे. यंत्र बिघडल्यावर काय करावे, हे शिकवण्यासाठी खरे यंत्र बिघडवावे लागले तर ते शिक्षण फार महाग पडते, आणि कधी प्राणांवर बेतते. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर सहारा इंडिया कंपनीच्या बोइंग ७३७ विमानात नवशिक्या वैमानिकांचा सराव चालू होता. एक इंजिन निकामी झाल्याचा अभ्यास करताना सुकाणू चुकीच्या बाजूला दाबले गेले. विमान कोसळले आणि जमिनीवर उभ्या असलेल्या एका रशियन विमानावर जाऊन आदळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी सारेच प्राणास मुकले.

अशा प्रसंगांवरचा उपाय म्हणजे सिम्युलेटर, म्हणजेच जमिनीवरून न हलणारी विमानाची प्रतिकृती. तिचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसे त्या वाद्यांनाही हवेचे भाते असत. लिंकने त्या भात्यांवर लाकडी विमानाची छोटी पेटी बसवली. आत बसलेल्याने दांडा हलवला की भात्यांत हवा भरे किंवा रिकामी होई आणि पेटी कलत असे. १९२९ साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रारंभी तिला जत्रेतील करमणुकीपलीकडे कोणी किंमत दिली नाही. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम आले. धुके आणि हिमवादळांत केवळ यंत्रे पाहून उडण्याची सवय नसल्याने अवघ्या काही आठवड्यांत अनेक वैमानिक दगावले. तेव्हा लष्कराने लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी या पेट्यांत बसून सराव केला, असे सांगितले जाते.

आजचा सिम्युलेटर म्हणजे सहा पायांवर उभी असलेली एक खोली. आत खऱ्या विमानाचाच चालककक्ष, तेच दांडे, तीच बटणे. समोर पडद्यावर धावपट्टी आणि आकाश दिसते. मागे प्रशिक्षक बसतो. खोली जागची हलत नाही, मग वेग घेतल्याची जाणीव कशी होते? वेग वाढताना आपली पाठ आसनाला चिकटते. सिम्युलेटरमध्ये त्या क्षणी सारी खोली हळूच मागे कलते आणि पडद्यावरील क्षितिज मात्र समतल ठेवले जाते. शरीराला वाटते की आपण भरधाव निघालो आहोत. शिक्षक मित्रांनी हा प्रयोग वर्गात सांगावा. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांचे नाते मुलांना सहज उमगेल.

बिघाड तीन प्रकारचे

सिम्युलेटरमधील बिघाड तीन प्रकारांनी घडवता येतात. पहिला, प्रशिक्षकाच्या हुकमाने. विमानाने वेग घेतला, नाक उचलण्याची वेळ आली, की प्रशिक्षक बटण दाबतो आणि डावे इंजिन बंद पडते. दुसरा, दैवगतीने. संगणक संभाव्यतेच्या हिशेबाने केव्हाही काहीतरी बिघडवतो. तिसरा, कर्मफळाने. म्हणजे चालवणाऱ्याने जे केले त्याचाच परिणाम म्हणून यंत्र बिघडते. ब्रेक तापवले तर चाकातील सुरक्षा-बुचे वितळून टायरची हवा जाते. इंजिन सुरू करताना तापमानाकडे दुर्लक्ष केले तर ते जळते.

व्यावसायिक प्रशिक्षणात भर असतो तो पहिल्या प्रकारावर, आणि ते योग्यच आहे. ठरावीक वेळात ठरावीक संकटांचा अभ्यास झाला पाहिजे. परंतु त्यातून एक उणीव राहते. सिम्युलेटरमधील विमान दर सकाळी कोरे करकरीत असते. काल कोणी ते धावपट्टीवर आपटले, तरी आज त्याच्या अंगावर ओरखडा नसतो. संकटातून बाहेर कसे पडावे हे ते उत्तम शिकवते. संकट मुळात आपल्याच हाताने हळूहळू कसे रचले जाते, हे त्यात फारसे दिसत नाही.

ही उणीव ओळखून, घरगुती संगणकावर उड्डाणाचा सराव करणाऱ्यांसाठी निघालेल्या काही कार्यक्रमांत विमानाला स्मृती दिलेली असते. आज इंजिन तापवले तर त्याची झीज नोंदली जाते आणि पुढच्या उड्डाणात तेच झिजलेले इंजिन मिळते. तेलाचा खप वाढतो, ताकद घटते आणि एके दिवशी भर आकाशात ते दगा देते. हा खेळ असला तरी त्यातील विचार खेळण्यातला नाही. बिघाड हा दैवाचा घाला नसून अनेकदा मागच्या हिशेबाची वसुली असते, हे त्यातून शिकणाऱ्याच्या मनावर ठसते. अर्थात प्रत्येक बिघाड चालकाच्याच माथी मारणे हेही अन्यायाचे होईल. रचनेतील दोष, धातूतील दोष, दुरुस्तीतील दोष हे वेगळेच असतात. आता सांगतो त्या घटनांत ते सारे एकमेकांत गुंतलेले दिसतील.

मुंबईच्या समुद्रावरील रात्र

१ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईकडे निघाले. समुद्रावर अंधार होता. बाहेर क्षितिज दिसत नव्हते. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कप्तानासमोरचे यंत्र बिघडले आणि उजवीकडे कल असल्याचे दाखवू लागले. त्यावर विसंबून विमान डावीकडे वळवले गेले, आणखी वळवले गेले, आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. आतील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले.

बिघडलेले यंत्र एक होते. कल दाखवणारी दुसरी यंत्रे त्याच कक्षात होती. यंत्राचा बिघाड ही अर्धी गोष्ट. तो बिघाड ओळखणे ही उरलेली अर्धी. बंद पडलेले यंत्र ओळखणे सोपे असते. खोटे बोलणारे यंत्र ओळखणे फार कठीण, कारण ते अखेरपर्यंत आत्मविश्वासाने खोटे बोलते. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहावा आणि सहकाऱ्याने शंका घेतली तर ती ऐकावी, ही सवय अंगी बाणवण्यासाठी आज जगभर सिम्युलेटरमध्ये असेच फसवे बिघाड घडवले जातात.

आपल्या शेजारच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील घटनाही आपणापैकी अनेकांना आठवत असेल. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळावरून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीपलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ११८ जणांपैकी ५५ जणांना प्राण गमवावे लागले. चौकशीत दोन कारणे नमूद झाली. विमानाचे नाक उचलण्यास झालेला विलंब आणि उचलण्याची चुकीची पद्धत हे एक. उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित न करणे हे दुसरे. पहिले कारण वैमानिकाच्या हाताचे, दुसरे कार्यालयाच्या हाताचे. अधिकारी मित्रांनी दुसरे कारणही तितक्याच गांभीर्याने लक्षात ठेवावे.

एका आघाताची अकरा वर्षे

हाताची चूक, दुरुस्तीतील चूक आणि सरावाचे मोल या तिन्ही गोष्टी एका सूत्रात गुंफणारी एक घटनामालिका आहे. ती जरा विस्ताराने सांगतो.

जून १९७८ मध्ये जपान एअर लाइन्सचे एक बोइंग ७४७ विमान ओसाका येथे उतरताना नाक प्रमाणाबाहेर वर राहिल्याने शेपटीवर घासले. कोणी दगावले नाही. शेपटीकडील दाब रोखणाऱ्या भिंतीला इजा झाली होती. तिची दुरुस्ती करण्यात आली. त्या दुरुस्तीत जी जोडपट्टी सलग एकच असावयास हवी होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे जो भार रिव्हेटच्या दोन रांगांनी वाहायचा, तो एकाच रांगेवर आला. वरून पाहणाऱ्यास दुरुस्ती नीटनेटकी दिसत होती. त्यानंतर विमानाने सात वर्षांत बारा हजारांहून अधिक उड्डाणे केली आणि प्रत्येक उड्डाणागणिक ती भिंत थोडी थोडी थकत गेली. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती आकाशात फुटली. शेपटीचा उभा पंख उडाला, हायड्रॉलिकचे चारही मार्ग तुटून सुकाणूची सारी साधने निकामी झाली. वैमानिकांनी केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करीत सुमारे अर्धा तास विमान हवेत ठेवले. अखेर ते डोंगरावर आदळले. ५२४ पैकी ५२० जण मृत्यू पावले.

ही बातमी वाचून अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे एक प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांच्या मनात प्रश्न आला की केवळ इंजिनांच्या जोरावर विमान वळवता येईल काय. त्यांनी सिम्युलेटरमध्ये तसा सराव करून पाहिला. कोणत्याही अभ्यासक्रमात तो नव्हता; कारण अशी वेळ येईल असे कोणास वाटत नव्हते. १९ जुलै १९८९ रोजी फिच प्रवासी म्हणून एका डीसी-१० विमानात बसले होते. शेपटीतील इंजिनाची चकती धातूमधील दोषामुळे फुटली आणि तिच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकचे तिन्ही मार्ग तोडले. फिच चालककक्षात गेले आणि कप्तान अल् हेन्स यांच्या आज्ञेनुसार इंजिनांचे दांडे त्यांनी हाती घेतले. विमान सू सिटी येथील धावपट्टीवर आदळत उतरले. ११२ जण दगावले. परंतु १८४ जण वाचले. पुढे चौकशीसाठी अनेक अनुभवी वैमानिकांनी सिम्युलेटरमध्ये तीच परिस्थिती उभी करून पाहिली. सुरक्षितपणे उतरणे जमले नाही.

१९७८ साली जपानमधील धावपट्टीवर झालेल्या एका घासण्यापासून ही कथा सुरू झाली आणि अकरा वर्षांनी अमेरिकेतील एका मक्याच्या शेताजवळ तिचा एक भाग संपला. चूक सात वर्षे दबा धरून बसू शकते. आणि एका जिज्ञासू माणसाने फावल्या वेळी केलेला सराव शेकडोंच्या कामी येऊ शकतो. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत.

सराव चुकीचा असेल तर

मित्रहो, सरावाचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३००-६०० विमानाला पुढे गेलेल्या मोठ्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांचा धक्का बसला. धक्का फार मोठा नव्हता. परंतु सहवैमानिकाने पायातील सुकाणू एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, असे शेवटपर्यंत आलटून पालटून दाबले. काही सेकंदांत शेपटीच्या उभ्या पंखावर रचनेच्या मर्यादेपलीकडचा भार आला आणि तो निखळला. विमानातील २६० आणि जमिनीवरील ५ अशा २६५ जणांचा अंत झाला.

विमानात बिघाड नव्हता; हातांनी तो घडवला. पण ते हात असे का वागले? चौकशी मंडळाने अनावश्यक व अतिरेकी सुकाणूचा वापर हे प्रमुख कारण ठरवले आणि त्या विमानाच्या सुकाणूची अतिसंवेदनशील रचना व कंपनीच्या प्रशिक्षणातील काही भाग यांनी त्यास हातभार लावल्याचे नमूद केले. सिम्युलेटरमधील एका पाठात असा धक्का वास्तवापेक्षा भयंकर दाखवला जात असे आणि काही क्षण वैमानिकाची साधने दाद देत नसत. त्यामुळे जोरकस प्रतिकार करण्याची वृत्ती बळावणे शक्य होते. सिम्युलेटरमधील शेपूट मात्र कितीही पाय दाबला तरी तुटत नव्हती. शिकणाऱ्याने तोच धडा घेतला.

शिक्षकवर्गासाठी या घटनेत मोठा बोध आहे. ज्या सरावात चुकीचा परिणाम दिसत नाही, तो सराव चूकच पक्की करतो. ही जाणीव झाल्यावर नियमही बदलले. २००९ साली अमेरिकेत बफेलोजवळ, वेग घटून विमान कोसळल्याने ५० जण मृत्यू पावले. तोवरचे सिम्युलेटर विमान पूर्ण कोसळण्याच्या अवस्थेतील वर्तन खात्रीने दाखवू शकत नव्हते. त्यानंतर ते वर्तन सिम्युलेटरमध्ये बसवून घेण्यात आले आणि २०१९ पासून अमेरिकेतील हवाई कंपन्यांच्या वैमानिकांना तो सराव सक्तीचा झाला.

नोंदवहीचे महत्त्व

सिम्युलेटरला नाही ती स्मृती खऱ्या विमानाला दोन ठिकाणी असते. एक तांत्रिक नोंदवहीत. विमान जोरात आपटले, वेगमर्यादेपलीकडे असताना फ्लॅप उघडले गेले, तर वैमानिकाने ते तसे लिहावे आणि अभियंत्याने तपासून सही केल्याशिवाय विमान पुन्हा उडू नये, असा दंडक आहे. दुसरी स्मृती यंत्राची. उड्डाणातील शेकडो बाबी नोंदवणाऱ्या साधनातून ती माहिती काढून हवाई कंपन्या नियमित तपासतात. आपल्या देशातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार ही पद्धत चालते. या तपासणीचे मूळ तत्त्व असे की नोंद सुधारणेसाठी आहे, शिक्षेसाठी नव्हे. ज्या दिवशी प्रामाणिक नोंद करणाऱ्याला दंड होईल, त्या दिवसापासून नोंदी थांबतील आणि आघात मात्र थांबणार नाहीत.

आपल्या गावासाठी

आता आपण जमिनीवर येऊ. महाराष्ट्राच्या एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. क्लच, ब्रेक, टायर आणि डिझेल यांचा खप चालकाच्या हातावर ठरतो, हे एस. टी.च्या आगारांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

परंतु आज मला विशेष बोलायचे आहे ते गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाविषयी. विहिरीत पाणी खाली गेलेले असताना पंप कोरडा चालवला जातो. वीज कमी दाबाची असताना मोटार रेटली जाते. तीनपैकी एक फेज गेली तर मोटार बंद व्हावी म्हणून बसवलेले उपकरण ‘सारखे ट्रिप होते’ म्हणून तारेने बाजूला काढले जाते. मोटार त्या दिवशी जळत नाही. म्हणून हाताला वाटते, आपण केले ते बरोबर. सिम्युलेटरमधील न तुटणारी शेपूट ती हीच! नेमक्या वैशाखात मोटार जळते. रिवाइंडिंग होऊन ती परत येईपर्यंत बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन शिवारात फिरतात आणि ग्रामसभेत मोटारीच्या कंपनीला दोष दिला जातो.

यावर खर्चाचा असा उपाय नाही. पंचायत सदस्यांनी पंपघरात एक वही ठेवावी. पंप केव्हा सुरू केला, केव्हा बंद केला, विजेचा दाब किती होता, विहिरीत पाणी कोठवर होते आणि काही वेगळा आवाज किंवा वास आला काय, एवढेच त्यात लिहावे. महिन्यातून एकदा ती वही मासिक सभेपुढे ठेवावी. पंप चालवणारा माणूस बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि रात्री-बेरात्री वीज येईल तेव्हा उठतो. त्याने आपणहून सांगितलेल्या चुकीबद्दल त्याला बोल लावू नये. लपवलेल्या चुकीबद्दल जरूर विचारावे. नवा माणूस नेमताना जुन्याने त्याला चार दिवस सोबत घेऊन शिकवावे.

अधिकारी मित्रांनी यंत्र देताना केवळ उद्‌घाटनाचा दिवस पाहू नये. चालवणाऱ्याचे प्रशिक्षण हा यंत्राच्या किमतीचाच एक भाग धरावा. आणि दुरुस्ती झाल्यावर ती वरून नीटनेटकी दिसते एवढ्यावर सही करू नये. जपानमधील ती जोडपट्टी आठवावी.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आपल्या शाळांत आता संगणक आहेत. उड्डाणाचा सराव करणारे कार्यक्रम मुले हौसेने चालवतात. त्यांना जरूर चालवू द्यावे. फक्त एक प्रश्न विचारावा : हे विमान उद्या दुसऱ्या मुलाला द्यायचे असते, तर तू ते असेच उतरवले असतेस का? जी वस्तू सर्वांची असते ती आपल्यानंतर कोणाच्या तरी हाती जाणार असते. तिची किल्ली परत देताना ती घेतली त्याहून वाईट अवस्थेत नाही, एवढे ज्याला छातीठोकपणे सांगता येईल तो खरा कुशल चालक; मग त्याच्या हाती विमान असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर गावाचा पंप.